बिनभोकाची दुर्बीण

धैर्यशीलनं ताटावर बसून एक डोळा मिटायला सुरुवात केली, त्या दिवसापासून आक्कांचं डोकं फिरलं होतं. पोरगं लग्नाला आलेलं, कोल्हापूरच्या राजारामपुरीत स्वतःचं औषधांचं दुकान चालवणारं. पण भाकरीचा तुकडा मोडला की तो आमटीत बुडवायचं सोडून डावा डोळा गच्च मिटायचं, उजवा बारीक करायचं आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरावर नेम धरून बसायचं. आधी एकादशीवर, मग हळूच सरकत संकष्टीवर. तोवर आमटी गार.

"शालन," आक्कांनी सुनेला हाक मारली, "पोराच्या डोळ्यात काय गेलंय बघ जरा."

"डोळ्यात न्हाय ओ आक्का, डोक्यात गेलंय," शालन तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "दुर्बीण पायजे म्हणं बंदुकीला."

"कुणाच्या बंदुकीला?"

घरात बंदूक एकच होती आणि ती कुणाची, हे विचारणारीलाच सगळ्यात जास्त माहीत होतं.

ती हंबीररावांची. आक्कांच्या मालकांची. जुनी अमेरिकन रायफल, चापाभोवती लोखंडी कडी असलेली. कडी खाली ओढून परत वर मारली की खट्-खटाक करून रिकामी पुंगळी बाहेर आणि नवं काडतूस आत, म्हणून सगळा गाव तिला खटक्याची बंदूक म्हणायचा. हंबीररावांच्या वडिलांनी संस्थानाच्या काळात कुणा सरदाराकडून घेतलेली. पन्हाळ्याच्या अंगाला त्यांचं शेत होतं, तिथं शाळवावर रानडुकरं उतरायची आणि हंबीरराव त्यांचा बंदोबस्त करायचे. नेम असा की आसपासच्या गावांतून बोलावणं यायचं. आता ते दिवस गेले. आता डुकरावर गोळी झाडायची म्हटलं तर आधी डुकराचीच सही आणायला लावतील, इतके कागद झाले. हंबीरराव गेले, परवाना लेकाच्या, बाबासोंच्या नावावर झाला, त्यात नातवाचंही नाव चढलं आणि बंदूक लोखंडी कपाटात गेली. ती बाहेर यायची खंडेनवमीला. आक्का स्वतः तिच्या दस्त्यावरून खोबरेलाचा हात फिरवायच्या, हळदकुंकू वाहायच्या, झेंडूची माळ घालायच्या आणि त्या दिवशी घरात कुणाशी फारसं बोलायच्या नाहीत. एरवीची कसर भरून निघायची, म्हणून घरालाही ते बरं वाटायचं.

अशा बंदुकीला दुर्बीण!

"हिकडं ये रं," आक्कांनी नातवाला समोर बसवलं. "कशी बसीवत्यात ती दुर्बीण? दोरीनं बांधत्यात?"

"दोरीनं कसं ओ आक्का? स्क्रू असत्यात. वरच्या लोखंडाला चार भोकं पाडायची, बारीक, आणि..."

"काय पाडायची?"

धैर्यशील जरा मागं सरकला. "भोकं."

"ऐक," आक्का म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खाली आला. आक्का ओरडत तोवर घर निर्धास्त असे. आवाज खाली आला की मांजरसुद्धा उठून बाहेर जाई. "मालक गेलं तवा त्या बंदुकीवर एक ओरखडा न्हवता. मी जाईन तवा बी नसणार. त्याच्या म्होरं तुमी तिची चाळण करा न्हायतर बासरी करून वाजवा, मी बघाय येत न्हाय. पर मी हाय तवर भोक पडणार न्हाय."

धैर्यशीलचं दुखणं निराळंच होतं. शहराबाहेरच्या नेमबाजी क्लबात दसऱ्याच्या आधी घराण्यातल्या जुन्या बंदुकांची स्पर्धा असे. मागच्या वर्षी तो आजोबांची बंदूक घेऊन मोठ्या ऐटीत गेला होता. त्याच्या गोळ्या लक्ष्याला सोडाच, लक्ष्य लावलेल्या फळीलाही लागल्या नाहीत. मागच्या मातीच्या ढिगानं तेवढी त्याची दखल घेतली. आणि हे सगळं जयसिंगपूरच्या केरबाण्णांची मुलगी तेजस्वी लिंबूसरबत पीत बघत होती. ती त्या क्लबातली नावाजलेली नेमबाज. आता नेमकं तिचंच स्थळ मध्यस्थानं आणलं होतं. पावणं रविवारी घर बघायला येणार होते. त्याआधी आपल्या बंदुकीचं आणि आपलं काहीतरी व्हायला पाहिजे, असं धैर्यशीलच्या मनानं घेतलं होतं.

मग घरात दुर्बीण बघायचा कार्यक्रम सुरू झाला. एखाद्या घरात मुली बघाव्यात तसा. धैर्यशील फोनवर एकेक दुर्बीण दाखवायचा आणि बाबासो चष्मा वर करून, खाली करून तिची उंची, रुंदी, रंग बघायचे. "ही जरा काळीच वाटती," म्हणायचे. सल्ल्याला म्हणून आक्कांचे जावईबापू, धैर्यशीलच्या आत्याचे यजमान संग्रामराव हजर. ते फौजेत होते. फौजेत त्यांच्या हातून बंदुकांपेक्षा बटाटेच जास्त गेले होते, पण जावयाला हे कोण सांगणार?

फोनमध्ये एक दाढीवाला गोरा होता. तो अशाच खटक्याच्या बंदुका घेऊन घसा खरडून बोलायचा. धैर्यशील त्याचं ऐकून म्हणाला, "मामा, ह्यो काय म्हणतोय बघा. खटक्याच्या बंदुकीला दुर्बीण पुढं नळीवर लावायची. डोळ्यापास्नं हातभर लांब. तसली येगळी मिळती."

"हातभर लांब?" संग्रामराव पोट धरून हसले. "अरं, चष्मा कधी हातभर लांब घालतंय का कोण? बाबासो, तुमी घालता? दुर्बीण म्हंजे डोळ्याला पायजे. आणि बारकी नको. आमच्या फौजेत ही एवढी असायची." त्यांनी हात पसरून दाखवलं ते साधारण पिठाच्या डब्याएवढं होतं.

"मोठीच घे," बाबासो म्हणाले. "पावण्यांसमोर दिसाय बरी."

कोपऱ्यात शेंगा फोडत बसलेल्या आक्कांना कुणी काही विचारलं नाही. आक्कांनीही सांगितलं नाही. त्यांनी फक्त शेंगा जरा जास्त जोरात फोडल्या.

शेवटी तोड निघाली. बाहेरून आवळून बसणारा एक क्लॅम्प मिळत होता. भोक नको, स्क्रू नको, पाहिजे तेव्हा काढता येतो. आक्कांनी तीनतीनदा विचारून घेतलं आणि मान हलवली. पार्सल आलं. खोक्यातून दुर्बीण निघाली ती खरंच जंगी होती. धैर्यशील ती बंदुकीवर ठेवणार, तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "थांब. बिनपूजेची चढणार न्हाय."

आता आक्कांच्या घरात नवी गाडी आली, नवा मिक्सर आला, धैर्यशीलच्या दुकानात नवा फ्रिज आला, तरी पहिला मान हळदकुंकवाचा. मिक्सरच्या भांड्यात आतसुद्धा बोट लावलेलं. आक्कांनी पाट मांडला, दुर्बीण पाटावर निजवली, तिला तोंड कुठलं आणि पाठ कुठली हे काही त्यांना उमजेना. दोन्हीकडं काच. देवाला डोळे असतात तिथंच कपाळ असतं, असा विचार करून त्यांनी दोन्ही काचांना सढळ हातानं कुंकू लावलं. वर हळद. वर अक्षता.

धैर्यशील दुकान उघडायला गेल्यावर शालनला ते दिसलं. "आक्का, काचंला लावलंसा व्हय?"

"मग कुठं लावू? ढुंगणाला?"

शालननं खोबरेल तेलाची चिंधी घेतली, कारण बंदुकीला वर्षानुवर्षं तेलाचीच चिंधी लागत आली होती, आणि दोन्ही काचा मनापासून पुसल्या. काचा लखलखल्या. तेल आणि कुंकू एकत्र आलं की काय होतं, हे लग्न झालेल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. पण त्या वेळी ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

शनिवारी सकाळी तिघं पुरुष बंदूक घेऊन क्लबात गेले. दुपारी परत आले. आधी धैर्यशील आत आला. उजव्या भुवईवर चिकटपट्टी. त्याच्यामागून बाबासो; उजव्या भुवईवर चिकटपट्टी. सगळ्यात शेवटी संग्रामराव. ते दारातच जरा रेंगाळले, पण आत यावंच लागलं. त्यांचीही उजवीच भुवई.

आक्कांनी तिघांना ओळीनं उभं केलं. "कुणी मारलं?"

"कुणी न्हाय, आक्का."

"तिघास्नी? एकाच जागी? कुणी न्हाय?"

धैर्यशील म्हणाला, "मी दुर्बिणीत बघितलं तर सगळं तांबडं. फळी तांबडी, माती तांबडी, आभाळ तांबडं. आणि धूसर. म्हणून डोळा जरा जवळ नेला. दिसंना म्हणून आणि जवळ नेला. चाप ओढला, बंदुकीनं मागं धक्का दिला आणि दुर्बीण आली की ओ थेट भुवईवर."

"मी म्हटलं, पोराला धरता येत न्हाय," बाबासो म्हणाले. "आण हिकडं म्हटलं."

"मग?"

बाबासोंनी नुसतं चिकटपट्टीला बोट लावलं.

"आणि तुमी, जावईबापू?"

"मी ह्यास्नी म्हणालो, तुमाला फौजेचा अनुभव न्हाय," संग्रामराव म्हणाले. "आता बंदूकच जर माणसाच्या अंगावर आली तर फौज तरी काय करणार?"

चिकटपट्ट्या काढून बघितल्या तर तिघांनाही सारखी चंद्रकोर. नव्या नवरीच्या कपाळाला शोभावी तशी कोरीव. हसू दाबताना शालनचा पदर तोंडात गेला. पण "सगळं तांबडं" हे शब्द आठवून ती एकदम थांबली. ती आक्कांकडं बघेना, आक्का तिच्याकडं बघेनात.

"आणि ती पुंगळी बी बाहेर पडंना," धैर्यशील म्हणाला. "दर वेळी परत आत जाऊन अडकालती."

हे ऐकून आक्कांनी तोंड उघडलं. पण संग्रामराव आधीच बोलू लागले होते. "सगळा दोष त्या क्लॅम्पचा. ढिला हाय. दुर्बीण पक्की पायजे. पावणं गेलं की सोमवारी कारागिराकडं न्यायची. चार भोकं, विषय खलास. मी बोललोय त्याच्याशी."

"जावईबापू बोलल्यात म्हंजे..." बाबासो पुटपुटले.

आक्कांनी तोंड मिटलं. लेकाचा कान धरता येतो, नातवाच्या पाठीत धपाटा घालता येतो. जावयानं दिलेला शब्द मोडायचा तर लेकीच्या सासरपर्यंत त्याचे पडसाद जातात. त्या उठून आत गेल्या, कपाटाला टेकून बसल्या आणि संध्याकाळचा चहा त्यांनी तिथंच घेतला. इतक्या वर्षांत त्यांना त्या बंदुकीची अशी काळजी कधी वाटली नव्हती. मालक होते तेव्हा त्यांचीही नाही.

रविवार उजाडला. पावणं येणार आणि घरातल्या तिन्ही पुरुषांच्या भुवया एकसारख्या सुजलेल्या. शालन रडकुंडीला आली. "काय म्हणतील ओ? दारू पिऊन पडलं म्हणतील, न्हायतर मारामारी केली म्हणतील."

"फेटं बांधा," आक्का म्हणाल्या.

"आं?"

"तिघांनी फेटं बांधा. भुवईवर वढून. झालं."

युक्ती नामी होती. संग्रामरावांना फेटा बांधायची हौसही होती. तिघांचे फेटे इतके खाली आले की समोरचं बघायला मान वर करून, हनुवटी पुढं काढून बघावं लागे. त्यामुळं तिघांच्याही चेहऱ्यावर आपोआप एक जरब आली.

केरबाण्णा, त्यांची बायको आणि तेजस्वी दारात आले. आत तीन पुरुष भगव्या फेट्यांत, ताठ मानेनं बसलेले बघून केरबाण्णा उंबऱ्यातच थबकले. त्यांनी बायकोकडं बघितलं, बायकोनं त्यांच्याकडं. मग ते चपला न काढताच म्हणाले, "पावणं, कायतरी घोटाळा झालाय. आमी नुसतं घर बघाय आलोय. साखरपुड्याचं कुणी सांगितलं तुमास्नी?"

"न्हाय न्हाय," बाबासो घाईनं उठले, "साखरपुडा न्हवं. आमच्याकडं रविवारी... म्हंजे..."

"रविवारी फेटा बांधत्यात," संग्रामराव म्हणाले. "पद्धत हाय आमच्यात."

"आमी बी कोल्हापूर जिल्ह्यातलंच हाय की. आमाला न्हाय ही पद्धत ठाऊक," केरबाण्णा म्हणाले, आणि अगदी कडेच्या खुर्चीत अशा बेतानं बसले की उठायला सोपं जावं.

पोहे आले, चहा आला. संग्रामरावांनी चहाची बशी तोंडाला लावायला मान खाली घातली आणि फेटा डोळ्यांवर आला. त्यांनी तो मागं सारला. जरा जास्तच मागं गेला. चंद्रकोर उघडी पडली. त्यांचं बघून बाबासोंनी दचकून आपला फेटा चाचपला, तर तोही सुटला. धैर्यशील बिचारा दोन्ही हातांनी स्वतःचा फेटा धरून बसला, तेव्हा त्याच्याही फेट्याखाली काय आहे हे सांगायला काही उरलं नाही.

केरबाण्णांनी कप खाली ठेवला. "घरात भांडणं हुत्यात व्हय, पावणं?"

"न्हाय ओ!"

"मग तिघांच्या बी डोक्यात एकाच हत्यारानं मारल्यागत दिसतंय. लपवायचं काय कारण? आमाला एकच पोरगी हाय. जे असंल ते खरं सांगा, न्हायतर आमचा रामराम घ्या." आणि ते खरंच उठले.

बाबासो हात जोडून पुढं झाले. आणि त्याच क्षणी तेजस्वी, जी तोवर खाली मान घालून बसली होती, खुदकन हसली.

"अण्णा, बसा खाली," ती म्हणाली. "भांडण न्हाय. दुर्बीण लागलीया तिघांना. आमच्या क्लबात नवीन आलेल्या माणसाला लागती कवाकवा. पर एकाच घरात तीन मी पयल्यांदाच बघतीया." मग तिनं धैर्यशीलकडं बघितलं. "कुठली बसीवलासा? दाखवा की."

केरबाण्णा बसले, पण कडेवरच. बाबासोंनी कपाट उघडून बंदूक आणली. तेजस्वीनं ती घेतली ती आधी नळी जमिनीकडं करून, कडी ओढून आत काडतूस नाही ना हे बघून. आक्कांनी ते बघितलं. मग तिनं दुर्बिणीच्या काचेला नाक लावलं.

"ह्याला खोबरेल कुणी लावलं?"

शालननं मान खाली घातली.

"आणि हे कडंला काय हाय? कुंकू?"

तिन्ही पुरुषांनी एकदम आक्कांकडं बघितलं. तांबड्या फळीचा, तांबड्या मातीचा आणि तांबड्या आभाळाचा उलगडा तिघांनाही एकाच वेळी झाला.

"मग काय बिनपूजेची चढवू देऊ?" आक्का गरजल्या. "आमच्यात तसली रीत न्हाय."

"बरोबर हाय की ओ आक्का," तेजस्वी म्हणाली. "आमचा कोच बी नारळ फोडतोय. फकस्त काचंला न्हाय लावायचं, वरच्या नळीला लावायचं. काच डोळा असती तिचा." असं म्हणून तिनं बंदूक कलती करून दुर्बिणीची खालची बाजू बघितली. तिथं काळा रंग उडून पितळी चट्टे उमटले होते. तिनं त्यावर बोट फिरवलं, बंदुकीचा वरचा उघडा भाग बघितला, परत चट्टे बघितले. आणि मग संग्रामरावांना नाही, बाबासोंना नाही, धैर्यशीलला तर नाहीच, ती आक्कांच्या खुर्चीजवळ खाली जमिनीवर जाऊन बसली.

"आक्का, आजोबा ही उडवायचं तवा पुंगळी कुठं पडायची ओ? तुमी बघितलाय न्हवं?"

आक्कांनी पदर सारखा केला. हंबीरराव गेल्यापासून लोक त्यांना काय काय विचारत आले होते. परवाना कुठं आहे, किल्ली कुठं आहे, किंमत किती येईल. हे कुणी विचारलं नव्हतं.

"वर," त्या म्हणाल्या. "सरळ वर उडती. डोस्क्याच्या वर हातभर. मग खाली पडती. मी मागं हुबी असायची, पदर धरून. पदरात झेलायची."

"तुमी मागं?" केरबाण्णांनी विचारलं.

"मग कोण हुभं ऱ्हाणार? थंडीचं दिवस असायचं. उजाडालतं तवा आमी दोघं पाटाच्या कडंनं जायचो. पाय दवानं भिजून बधिर व्हायचं. शाळू आमच्या डोस्क्याएवढा, आणि त्यात हालचाल. ह्यांनी बंदूक खांद्याला लावायची आणि माझं नाव घिऊन हळू इचारायचं, 'झुंबर, कुठं?' मी मागनं सांगायची, 'लिंबाच्या डाव्या अंगाला. आणि जरा. आता खाली. हां.' मी हां म्हटलं की ठो."

बाबासोंनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "म्हंजे आक्का... बाबास्नी दिसत न्हवतं?"

"लिंब दिसायचा. लिंबाच्या पल्याड काय न्हाय. मी म्हणायची, चष्मा करा. म्हणायचं, पाटील चष्मा लावून डुकराम्होरं गेला तर डुकरं रान सोडून न्हाय जायाची, हसत बसत्याली."

"अख्खा गाव म्हणायचा, हंबीररावांचा नेम," संग्रामराव चाट पडून म्हणाले.

"नेम त्यांचाच हुता!" आक्कांनी त्यांना तिथंच थांबवलं. "त्यांचा हात तसूभर हलायचा न्हाय. मी नुसतं कुठं ते सांगायची. आणि हे आज तुमास्नी सांगितलं ते सांगितलं. ह्या दाराभाईर गेलं तर माझ्याशी गाठ हाय."

तेजस्वीनं बंदूक आडवी मांडीवर घेतली होती.

"मग पुंगळीचं काय करायचासा?"

"गरम असायची," आक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज पुन्हा खाली आला होता, पण या खेपेला कुणाला भीती वाटली नाही. "हे ती पदरातनं उचलायचं आणि माझ्या मुठीत द्यायचं. म्हणायचं, शेक हात. तेवढंच. दुसरं काय बोलायचं न्हाईत, बोलणारा माणूस न्हवता त्यो. घर येईपतोर मूठ उघडायची न्हाय मी. गार झाली तरी."

शालननं डोळ्याला पदर लावला. केरबाण्णांची बायको म्हणाली, "आमच्या ह्यांनी बी एकदा..." आणि नवऱ्याकडं बघून पुढचं गिळलं. केरबाण्णा मात्र आता खुर्चीत चांगले मागं टेकून बसले होते.

तेजस्वीनं क्लॅम्प सोडवला, दुर्बीण काढून टेबलावर ठेवली. "हे बघा," ती सगळ्यांना म्हणाली, "पुंगळी वर उडती आणि वर तुमी छप्पर घातलासा. ती छपराला आपटून परत आत जाणारच की. ह्या बंदुकीला दुर्बीण लावायचीच झाली तर पुढं नळीवर लावत्यात, डोळ्यापास्नं हातभर लांब."

"हातभर लांब," संग्रामराव म्हणाले, आणि छताकडं बघू लागले.

"पर मी असते तर काय बी लावलं नसतं," तेजस्वी म्हणाली. "नेम धराय मागची खाच हाय, म्होरचा दाणा हाय. बास झालं. लागत न्हाय ते बंदुकीमुळं न्हाय."

इथंच विषय संपायचा. पावणं खूश होते, चहा दुसऱ्यांदा आला होता, बंदूक कपाटात जाणार होती. पण धैर्यशीलच्या डोक्यात फोनमधला दाढीवाला अजून बोलत होता. चट्ट्यांकडं बघून त्याचा चेहरा उजळला.

"कळ्ळं!" तो ओरडला. "वर न्हाय बसवायची, बाजूला बसवायची! बाजूला बसीवली की पुंगळी खुशाल वर उडंल! मामा, कारागिराला सांगा, चार भोकं वर नकोत, बाजूच्या अंगाला दोनच..."

शालननं डोळे मिटून घेतले. तेजस्वीनं एकदा धैर्यशीलकडं आणि एकदा आक्कांकडं बघितलं. संग्रामरावांनी सोमवारच्या कारागिराचं नाव आयुष्यात कधी ऐकलं नाही असा चेहरा केला.

आक्का खुर्चीतून उठल्या. तेजस्वीच्या मांडीवरची बंदूक त्यांनी उचलली नाही; तिथंच राहू दिली. नातवासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्या पावण्यांच्या देखत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"धैर्या, आता तोंड मीट. म्हैनाभर तू साऱ्या दुनियेला इचारलास, त्या फोनमदल्या गोऱ्याला इचारलास, फौजंला इचारलास. मी हितं शेंगा फोडत बसलेली, मला इचारलं न्हाईस. ही पोरगी आली, आणि दुसरा चहा व्हायच्या आत माझ्याम्होरं बसून इचारून मोकळी झाली. बंदुकीला भोक पडणार न्हाय. वर बी न्हाय, बाजूला बी न्हाय. आणि पोरगी मला पसंत हाय. तिला तू पसंत पडलास तर ग्वाड झालं. न्हाय पडलास, तर ती तुझी दुर्बीण काखंत मार आणि तू जा केरबाण्णांच्या घरी जयसिंगपूरला ऱ्हायला. हिला मी हितं ठिवून घेते."